एका मताचे मोल आणि काझी करीमुद्दीन यांची विसरलेली सूचना

२०२४ च्या जुलै महिन्यातील गोष्ट आहे. चांदाफोर्टहून नागभीडकडे जाणाऱ्या गाडीत मी बसलो होतो. सिंदेवाहीला उतरायचे होते. बाहेर बांध्यांतून धानाची रोवणी चालली होती. समोरच्या बाकावर दोन अनोळखी गृहस्थ बसले होते. त्यांच्यापैकी एकाच्या हातात वर्तमानपत्र होते आणि त्यात ब्रिटनच्या निवडणुकीचा निकाल छापून आला होता. मजूर पक्षाला शेकडा ३३.७ मते आणि ६५० पैकी ४११ जागा; रिफॉर्म यूके नावाच्या पक्षाला शेकडा १४ च्या वर मते, पण जागा फक्त पाच; लिबरल डेमोक्रॅट पक्षाला त्याहून कमी, शेकडा १२ मते आणि जागा मात्र बहात्तर. "हे कोणतं गणित आहे गुरुजी?" असे त्यांनी मलाच विचारले. मी शिक्षक होतो हे बोलण्यात आधी निघाले होते.

मी माझ्या परीने समजावून सांगितले. ज्या मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते, तो निवडून येतो. बाकीच्यांची मते कितीही असोत, ती वाया जातात. आपल्याकडेही हीच पद्धत आहे. इंग्रजांकडूनच ती आपण घेतली. एवढ्यावर दुसरे गृहस्थ म्हणाले, "राग नका मानू गुरुजी, पण मतदानाचं इंग्रजी गणित तर तुमच्याच लोकायनं बिघडवलं न. वेगळे मतदारसंघ मागतले, अन् मग देशच वेगळा मागतला." आवाजात द्वेष नव्हता. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट त्यांनी सहज सांगितली होती. तेवढ्यात सिंदेवाही स्टेशन आले. मी उतरलो. उत्तर मनातच राहिले.

हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे. आपल्यापैकी प्रत्येकाला हा प्रश्न कोणी ना कोणी, गाडीत, चहाच्या टपरीवर किंवा शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारलेला असतो. त्यावर आपण एकतर चिडतो किंवा गप्प बसतो. दोन्ही गोष्टी इतिहासाला धरून नाहीत.

पहिल्यांदा कबुली. होय, विभक्त मतदारसंघांची मागणी मुस्लिम पुढाऱ्यांनी केली होती. १ ऑक्टोबर १९०६ रोजी आगाखानांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांना भेटले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली. या शिष्टमंडळात नबाब, जमीनदार आणि वकील यांचा भरणा होता. विणकर, कसाई, शेतमजूर, जंगलातला बांबू तोडणारा मुसलमान तिथे नव्हता. त्याला मताचा अधिकारच नव्हता, तेव्हा मतदारसंघ संयुक्त की विभक्त याच्याशी त्याला काय देणेघेणे असणार?

पण या गोष्टीचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. त्या वेळी भारतमंत्री होते जॉन मोर्ले. ते जॉन स्टुअर्ट मिल यांना गुरुस्थानी मानणारे. मिल यांनी १८६१ साली प्रातिनिधिक शासनावरील आपल्या ग्रंथात एक मूलभूत प्रश्न विचारला होता. बहुसंख्याकांनी राज्य करावे हे ठीक, पण अल्पसंख्याकांना सभागृहात आवाजच नसावा, हे लोकशाहीत कसे बसते? टॉमस हेअर नावाच्या बॅरिस्टरने यावर पसंतीक्रमाची मते आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व असा उपाय सुचवला होता. मिल खासदार झाले तेव्हा १८६७ साली त्यांनी ही सूचना पार्लमेंटमध्ये मांडली. ती फेटाळली गेली. पण त्याच वर्षीच्या सुधारणा कायद्यात, जिथे तीन सभासद निवडायचे तिथे मतदाराला दोनच मते, अशी अल्पसंख्याकांसाठी एक पळवाट ठेवली गेली. पुढे १८७० च्या शिक्षण कायद्यान्वये इंग्लंडात शाळा मंडळे निघाली. त्यांच्या निवडणुकीत मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा असे. याला एकत्रित मतांची पद्धत म्हणतात. या पद्धतीमुळे कॅथलिकांसारखे अल्पसंख्य गट आपला माणूस मंडळात पाठवू शकत. धर्माच्या नावाने वेगळी यादी न करता, सर्वांनी एकाच पेटीत मते टाकून अल्पसंख्याकांना जागा मिळण्याची ही वाट इंग्लंडात सुमारे तीस वर्षे वापरात होती.

म्हणून १९०८ च्या नोव्हेंबरात मोर्ले यांनी हिंदुस्थान सरकारला जो खलिता पाठवला, त्यात विभक्त मतदारसंघ नव्हते. संयुक्त निर्वाचक मंडळे असावीत, त्यात हिंदू आणि मुसलमानांच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरलेल्या असाव्यात आणि सर्वांनी मिळून मतदान करावे, अशी ती योजना होती. तिला कडाडून विरोध झाला तो लीगकडून. लंडनमध्ये न्यायमूर्ती अमीर अली यांच्या पुढाकाराने १९०९ च्या जानेवारीत एक शिष्टमंडळ मोर्लेंना भेटले. इस्लामच्या इतिहासावर इंग्रजीत नामांकित ग्रंथ लिहिणारा हा विद्वान माणूस. त्यांचा युक्तिवाद असा की संयुक्त मंडळातून निवडून येणारा मुसलमान हा हिंदूंच्या मर्जीतला मुसलमान असेल. मोर्लेंनी माघार घेतली आणि १९०९ च्या कायद्यात विभक्त मतदारसंघ आले.

आता आपण आपल्याशीच प्रामाणिक राहू. अमीर अलींची भीती निराधार नव्हती. तीच भीती पुढे डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या बाबतीत बोलून दाखवली आणि पुणे करारानंतर काय झाले हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. पण भीती खरी असली म्हणून उपाय बरोबर होता असे होत नाही. विभक्त मतदारसंघात उभ्या राहणाऱ्या मुस्लिम उमेदवाराला हिंदू मतदाराकडे जाण्याची गरज उरली नाही आणि हिंदू उमेदवाराला मुसलमानाच्या दारात येण्याची गरज राहिली नाही. दोघांचेही नुकसान झाले. अर्थात त्यातही कमजोर बाजूचे अधिक झाले.

आमच्या मध्यप्रांताचे उदाहरण घ्या. १९१६ साली लखनौला टिळक आणि जिना यांच्या साक्षीने काँग्रेस आणि लीग यांचा करार झाला. हे वाक्य गाडीतल्या त्या गृहस्थांना मी आवर्जून ऐकवले असते. विभक्त मतदारसंघांना काँग्रेसने मान्यता दिली ती या करारात, आणि त्यात लोकमान्यांचा वाटा मोठा होता. या करारानुसार मध्यप्रांतात मुसलमानांना शेकडा पंधरा जागा मिळाल्या. लोकसंख्येच्या कितीतरी पट हा आकडा होता. त्याची किंमत बंगालच्या आणि पंजाबच्या मुसलमानांनी मोजली. तिथे ते निम्म्याहून अधिक असताना बंगालात त्यांना शेकडा चाळीस आणि पंजाबात शेकडा पन्नास जागांवर समाधान मानावे लागले. वाटाघाटीचे सौदे असे असतात. पण सामान्य मुसलमानाच्या पदरात काय पडले? १९३७ च्या निवडणुकीत मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ पैकी १४ जागा मुसलमानांसाठी होत्या. जिल्हे चौदाहून जास्त आणि वस्ती विखुरलेली. तेव्हा चांद्यासारख्या जंगली भागातल्या मुसलमानाचा प्रतिनिधी हा गावाचा नव्हे, तालुक्याचाही नव्हे, दूरच्या शहरातला कोणी वकील किंवा व्यापारी असायचा. ज्याच्यासोबत आपण बाजार करतो, ज्याच्या बांधाला बांध आहे, त्याच्यासोबत मत मात्र टाकायचे नाही. गावात शेजारी आणि मतदार यादीत परके, अशी ही स्थिती होती.

या पद्धतीतून बाहेर पडण्याचे प्रयत्न मुसलमानांकडून झालेच नाहीत, हेही खरे नाही. मार्च १९२७ मध्ये दिल्लीत जिना आणि इतर मुस्लिम पुढाऱ्यांनी काही अटींवर विभक्त मतदारसंघ सोडण्याची तयारी दाखवली होती. १९२८ च्या नेहरू अहवालाने विभक्त मतदारसंघ काढले, पण त्या अटींपैकी महत्त्वाच्या अटी नाकारल्या. मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांच्यासारखे राष्ट्रीय मुसलमान संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभे राहिले आणि आपल्याच समाजाच्या शिव्या खात राहिले. १९३७ साली लीगला मुस्लिम मतांपैकी शेकडा पाचही मते पडली नव्हती. १९४६ साली तीच लीग मुस्लिम जागा जवळजवळ झाडून घेऊन गेली. या नऊ वर्षांत जे घडले त्याला अनेक कारणे आहेत. विभक्त मतदारसंघ हे त्यांपैकी एक. परंतु ध्यानात ठेवावे की तेव्हा प्रौढ मताधिकार नव्हता. मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्यांनाच मत होते. मत नसलेल्या लक्षावधी मुसलमानांच्या माथी फाळणीचा कौल मारणे हा सरळसरळ अन्याय आहे.

आता येतो मूळ मुद्दा. ज्या माणसाचे नाव या लेखाच्या शीर्षकात आहे, ते काझी सय्यद करीमुद्दीन मध्यप्रांत व वऱ्हाडातून घटना समितीवर निवडून आले होते. ते व्यवसायाने वकील. आपल्या विदर्भाचा माणूस. घटना समितीत ३ डिसेंबर १९४८ रोजी नागरिकांच्या घराची, कागदपत्रांची विनाकारण झडती होऊ नये, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली होती. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, तेव्हा निकालपत्रात त्या दुरुस्तीची आठवण निघाली. पण त्यांची दुसरी दुरुस्ती आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

ऑगस्ट १९४७ मध्ये घटना समितीने विभक्त मतदारसंघ रद्द केले होते. मुसलमानांसाठी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा तेवढ्या ठेवल्या होत्या. १९४९ च्या जानेवारीत लोकसभेच्या रचनेचे कलम चर्चेला आले तेव्हा करीमुद्दीन यांनी दुरुस्ती सुचवली. मतदारसंघ बहुसदस्य असावेत, निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने व्हावी आणि मतदाराला एकत्रित मतांचा अधिकार असावा. म्हणजे इंग्लंडातल्या शाळा मंडळांची ती जुनी पद्धत.

यातले हिशेब समजून घेण्यासारखे आहेत. समजा एका मतदारसंघात पाच जागा आहेत आणि शंभर मतदार. प्रत्येकाला पाच मते. सतरा मतदारांनी ठरवून आपली पाचही मते एकाच उमेदवाराला दिली तर त्याची ८५ मते झाली. उरलेल्या ८३ मतदारांची मते ४१५. त्यांनी ती पाच उमेदवारांत सारखी वाटली तर प्रत्येकाला ८३ पडतात. सतरा जणांचा उमेदवार निवडून येतो. त्यात ना धर्माची अट, ना वेगळी यादी. ते सतरा जण मुसलमान असतील, आदिवासी असतील, विडी कामगार असतील किंवा एका विचाराची माणसे असतील. आजच्या पद्धतीत पाच वेगवेगळ्या मतदारसंघांत विखुरलेल्या या सतरा जणांच्या मताचे मोल शून्य.

डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. त्यांचे दोन मुख्य मुद्दे होते. एक, प्रमाणशीर पद्धतीला मतदार साक्षर असावा लागतो आणि आपल्या देशात साक्षरता नगण्य आहे. दोन, या पद्धतीने सभागृहात लहान लहान गट होतात, सरकार स्थिर राहत नाही आणि नव्या देशाला स्थिर सरकार हवे आहे. ब्रिटनच्या अनुभवाचा दाखलाही त्यांनी दिला. फाळणीच्या जखमा ओल्या असतानाचा तो काळ. बाबासाहेबांचे म्हणणे बिनबुडाचे होते असे कोणी म्हणू शकणार नाही. दुरुस्ती फेटाळली गेली. त्यानंतर चार महिन्यांनी, मे १९४९ मध्ये, धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही काढून टाकण्यात आल्या. बेगम एजाज रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सभासदांनी त्या निर्णयाला मोठ्या मनाने पाठिंबा दिला. संयुक्त मतदारसंघात आम्ही सर्वांवर विश्वास टाकून उतरतो, अशी ती भूमिका होती. विभक्त गेले, राखीव गेले आणि त्यांच्या जागी करीमुद्दीन सुचवत होते तो तिसरा रस्ताही बंद झाला.

इतिहासाचा पेच असा की ज्या घटना समितीने ही पद्धत नाकारली, तिचे प्रांतांतले सभासद १९४६ साली प्रांतिक विधानसभांतून प्रमाणशीर प्रतिनिधित्वानेच, पसंतीक्रमाच्या मतांनी निवडले गेले होते. आणि एकत्रित मतांची पद्धत बाबासाहेबांना अपरिचित नव्हती. १९३७ साली मुंबई इलाख्यात ती लागू होती आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या यशात तिचा मोठा हातभार होता. १९५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा काही मतदारसंघ दोन सभासदांचे होते. मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देण्यास मनाई. दिल्यास मत बाद. उत्तर मुंबईत बाबासाहेब चौदा-पंधरा हजार मतांनी हरले आणि त्या मतदारसंघात सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली होती. दोन वर्षांनी, १९५४ साली, आमच्या शेजारच्या भंडाऱ्यात त्यांनी पोटनिवडणूक लढवली. तिथेही मतदारसंघ दोन सभासदांचा आणि तिथेही ते हरले. एकत्रित मतांची मुभा असती तर काय झाले असते, हा प्रश्न मनात येतोच. संसदेत ते गेले ते राज्यसभेतून, १९५२ साली, आणि राज्यसभेची निवडणूक होते ती प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने. हे मी बाबासाहेबांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. निवडणुकीची पद्धत ही हिशेबाची कोरडी बाब नसून तिच्यामुळे केवढी माणसे सभागृहाबाहेर राहू शकतात, एवढेच दाखवायचे आहे.

मात्र पद्धत बदलली की सर्व काही सुधारेल, असेही मी म्हणणार नाही. आमच्याच जिल्ह्याचा पुरावा त्याविरुद्ध आहे. चंद्रपूर जिल्ह्यात मुसलमान शेकडा पाचाच्याही आत. तरीही १९५२ साली चांदा मतदारसंघाने मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली यांना काँग्रेसतर्फे लोकसभेवर पाठवले. फाळणीला पाच वर्षेही झाली नव्हती. १९७१ साली पुन्हा चंद्रपूरने अब्दुल शफी यांना निवडून दिले. ना विभक्त मतदारसंघ, ना राखीव जागा, ना प्रमाणशीर मते. कुणबी, तेली, माळी, बौद्ध, गोंड अशा शेजाऱ्यांनी दिलेली ही मते होती. वर सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे पाच जागांच्या मतदारसंघातही आमचा शेकडा पाच हा आकडा एकट्याने पुरला नसता. म्हणजे पद्धत कोणतीही असो, जंगलपट्टीतल्या मुसलमानाला शेजाऱ्यांसोबतच राजकारण करावे लागते. अमीर अलींना हे लंडनमध्ये बसून दिसले नाही. चांद्याच्या मतदाराने ते दोनदा करून दाखवले.

मग आज काय बिघडले? महाराष्ट्रात मुसलमान शेकडा साडेअकरा. लोकसभेच्या जागा ४८. २००९ आणि २०१४ साली त्यांतून एकही मुस्लिम निवडून आला नाही. २०१९ साली औरंगाबादहून एक आला. २०२४ साली पुन्हा शून्य. पक्ष उमेदवारीच देत नाहीत. उमेदवारी दिली तर समोरचा पक्ष धर्मावर मते मागतो आणि आपलाही एखादा पुढारी तेच करतो. १९५२ ची पद्धत तीच आहे, पण १९५२ चे शेजारपण झिजले आहे. आणि ही पद्धत शेजारपण झिजवणाऱ्याला शिक्षा करत नाही, उलट बक्षीस देते. २०१४ साली शेकडा ३१ मतांवर एका पक्षाला लोकसभेत स्पष्ट बहुमत मिळाले आणि शेकडा चारच्या वर मते घेणाऱ्या बहुजन समाज पक्षाला एकही जागा मिळाली नाही. तेव्हा वाया जाणारे मत एकट्या मुसलमानाचे नाही. दलिताचेही आहे, लहान पक्षाच्या शेतकऱ्याचेही आहे.

ब्रिटनमध्ये हा वाद अजून चालू आहे. ५ मे २०११ रोजी त्यांनी पसंतीक्रमाच्या मतासाठी सार्वमत घेतले आणि शेकडा ६८ मतदारांनी नकार दिला. उत्तर आयर्लंडचा अनुभव मात्र निराळा आहे. तिथे १९२१ साली प्रमाणशीर पद्धत होती. बहुसंख्य प्रोटेस्टंटांच्या सरकारने तिथल्या संसदेसाठी ती १९२९ साली मोडून टाकली. पुढे रक्तपात सुरू झाला आणि १९७३ साली तीच पद्धत परत आणावी लागली. अल्पसंख्याकाला सभागृहात जागा देणे म्हणजे लाड नव्हेत, ती शांततेची किंमत असते, हे तिथे फार उशिरा कळले.

आणि साक्षरतेचे म्हणाल तर मी स्वतः नोकरीत असताना विधानपरिषदेच्या शिक्षक मतदारसंघासाठी मतदान केले आहे. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेनने नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहिले आहेत. ब्रिटिश जनतेने २०११ साली जी पद्धत नाकारली, तीच जवळपास ही. आमच्या तालुक्यातले मास्तर ती बिनचूक वापरतात. आज धान विकून आलेला शेतकरीही पट्टीवरचे आकडे वाचतो. १९४९ चा साक्षरतेचा आक्षेप आता पूर्वीइतका जड राहिलेला नाही. स्थिर सरकारचा आक्षेप अजून उभा आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी. पण चर्चा तर व्हावी!

सिंदेवाही आज गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात येते. तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, आणि या जंगलावर पहिला हक्क ज्यांचा, त्यांना ती जागा मिळाली यात आम्हाला दुःख नाही. आमचे मत आम्ही आमच्या गोंड, माना शेजाऱ्याला देतो आणि त्याला आमचा प्रतिनिधी मानतो. फक्त या देवाणघेवाणीचा दुसरा अर्धा भागही कधीतरी पूर्ण व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

गाडीतल्या त्या गृहस्थांची पुन्हा भेट झाली नाही. झाली तर मी त्यांना एवढेच सांगेन. भाऊ, चूक आमच्या पुढाऱ्यांकडून झाली, ती आम्ही मान्य करतो. त्या करारावर टिळकांच्या पक्षाचीही मान्यता होती, हे तुम्ही मान्य करा. आणि १९४९ साली आपल्याच विदर्भातला एक मुसलमान वकील उभा राहून म्हणत होता की धर्माची पेटी नको, सर्वांची एकच पेटी ठेवा, फक्त तिच्यात पडलेले कोणाचेच मत वाया जाऊ देऊ नका. त्याचे कोणी ऐकले नाही. आता आपण दोघे मिळून ते ऐकूया.